हृदय ठणठणीत, मग रक्त पायात का साठतं?

वाचकाचं पत्र:

"डॉक्टरबाई, मी ४४ वर्षांची आहे. बार्शीत कापड दुकानात साडी विभागात कामाला आहे. सकाळी दहा ते रात्री नऊ उभंच राहावं लागतं, गिऱ्हाईक नसलं तरी बसलेलं चालत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर डाव्या पोटरीवर शिरा दिसायला लागल्या, आता त्यांच्या गाठी झाल्यात. संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, पैंजण रुततात. सकाळी सूज उतरलेली असते. रात्री पोटरीत गोळे येतात. ईसीजी चांगला आला. गेल्या वर्षापासून बीपीची गोळी चालू आहे. जाऊबाई म्हणतात, हृदय कमजोर झालं की रक्त वर चढत नाही. ओळखीतले एक जण म्हणतात, खराब रक्त साठलंय, शिरेला टोचून काढून देतो. माझी दहावीतली मुलगी म्हणते, पुस्तकात तर हृदय सगळीकडे रक्त पाठवतं आणि ते परत हृदयात येतं असं आहे. मग माझंच परत का येत नाही? तेल लावून चोळून घेऊ का? नोकरी सोडणं शक्य नाही."

ताई,

एका गोष्टीचं उत्तर सगळ्यात आधी देते. शिरेला टोचून रक्त काढून घेऊ नका. तुम्ही उभ्या असता तेव्हा त्या फुगलेल्या शिरेत दाब बराच असतो. तिला छिद्र पडलं तर भळाभळा रक्त जातं, आणि अशा पायावर घोट्याजवळ झालेली जखम महिनोन् महिने भरत नाही. मुळात तिथे खराब रक्त नाहीच. अवयवांना प्राणवायू देऊन परत निघालेलं तेच ते रक्त. माणूस निवांत असताना या परतणाऱ्या रक्तात प्राणवायूचा जवळजवळ पाऊण हिस्सा शिल्लक असतो. रंगानं ते गडद लाल असतं, त्वचेतून पाहताना निळं-हिरवं भासतं एवढंच. आज ते काढून टाकलंत तर थोड्या वेळात तिथे दुसरं रक्त येऊन थांबेल, कारण बिघाड रक्तात नाही, त्याच्या वाटेत आहे.

आता जाऊबाईंच्या शंकेबद्दल. हृदय खरोखर कमजोर झालं तर पाय सुजतात, हे त्यांचं बरोबर आहे. पण त्या माणसाला जिना चढताना धाप लागते, सपाट झोपलं की श्वास पुरत नाही म्हणून दोन-तीन उशा घ्याव्या लागतात, मध्यरात्री गुदमरून उठून बसावं लागतं. यातलं काहीही तुम्ही लिहिलेलं नाही. यातलं एखादं लक्षण असेल तर मात्र ईसीजीवर थांबू नका. ईसीजी चांगला असूनही हृदयाची ताकद कमी असू शकते, ती टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत कळते. एरवी रात्रभर झोपून सकाळी सूज उतरते आणि दिवसभर उभं राहून चढते, यावरून मला तुमचं हृदय दोषी वाटत नाही.

मुलीचा प्रश्न फार चांगला आहे, आणि तुमच्या दुखण्याचं उत्तर त्यातच आहे. पुस्तकातलं चित्र खरंच आहे. हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास पाच लिटर झालं, आणि आपल्या अंगात एकूण रक्तही साधारण तेवढंच असतं. म्हणजे सगळं रक्त दर मिनिटाला एक फेरी मारून येतं. उजव्या बाजूनं फुप्फुसात, तिथून प्राणवायू घेऊन डाव्या बाजूला, तिथून धमन्यांतून सगळ्या अंगात, आणि शिरांतून परत उजवीकडे.

चित्रात जे दिसत नाही ते म्हणजे वाटेत दाबाचं काय होतं. बीपीच्या यंत्रावर आपण १२० बघतो तो हाताच्या मोठ्या धमनीतला दाब. पुढे धमन्या बारीक होत जातात आणि त्या बारीक धमन्यांमध्ये दाबाचा मोठा भाग खर्च होतो. केसाहूनही बारीक केशिकांच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत तो ३५ च्या आसपास राहतो, त्यांच्या दुसऱ्या टोकाला १५, आणि उजव्या कप्प्याच्या दाराशी जवळजवळ शून्य. हृदयानं दिलेला धक्का जातानाच बहुतेक संपतो. परतीच्या वाटेला अगदी थोडा उरतो.

आडवं असताना तेवढा पुरतो. घोटा आणि हृदय एका पातळीत असतात, शिरांतून रक्त सहज परत जातं. उभं राहिलं की घोट्यापासून हृदयापर्यंत हात-सव्वा हात नव्हे, चांगली चार फूट उंच रक्ताची धार शिरेत उभी राहते, आणि तिचा भार घोट्याजवळच्या शिरेवर पडतो. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याच्या शिरेत हा दाब ८० ते ९० पर्यंत जातो. धमन्यांतही तेवढाच भार वाढतो, म्हणून रक्ताचं फिरणं बंद पडत नाही. पण धमनीची भिंत जाड आणि शिरेची पातळ, त्यामुळे शीर फुगत जाते. एरवीही अंगातलं निम्म्याहून जास्त रक्त शिरांमध्येच असतं. उभं राहिल्यावर त्यातलं अर्धा लिटरच्या आसपास रक्त पायांत उतरतं. केशिकांमधला दाब वाढला की रक्तातलं पाणी त्यांच्या भिंतींतून बाहेर झिरपतं. पैंजण रुततात ते याच पाण्यामुळे.

शाळेत १५ ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी 'सावधान'मध्ये उभं असलेलं एखादं पोर धाडकन पडतं ना, तिथेही हेच घडतं. पायात रक्त उतरतं, हृदयाकडे कमी येतं, मेंदूला कमी मिळतं. पोर आडवं झालं की उतरलेलं रक्त परत फिरतं आणि ते आपोआप शुद्धीवर येतं. म्हणून अशा मुलाला धरून उभं करू नये. झोपू द्यावं, पाय थोडे वर उचलावेत.

मग सगळेच उभे राहणारे पडत का नाहीत, सगळ्यांचे पाय का सुजत नाहीत? कारण परतीचा धक्का हृदयाकडे नसला तरी पोटरीकडे असतो. पायातलं बहुतेक रक्त, सुमारे ९० टक्के, कातडीखालच्या दिसणाऱ्या शिरांतून वर जात नाही. ते स्नायूंच्या आत लपलेल्या खोल शिरांतून जातं. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो आणि त्या शिरा पिळतो, रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल पडला की त्या शिरा खालून आणि कातडीखालच्या शिरांतून पुन्हा भरतात. तळव्यातल्या शिराही पाऊल टेकताना दाबल्या जाऊन हातभार लावतात. श्वास आत घेताना पोटातला दाब वाढतो, छातीतला कमी होतो, आणि पोटापर्यंत आलेलं रक्त वर ओढलं जातं. निरोगी माणूस थोडी पावलं चालला की घोट्याच्या शिरेतला ९० चा दाब ३० च्या खाली येतो. पुन्हा स्तब्ध उभा राहिला तरी तो पूर्ववत चढायला वीस सेकंदांहून अधिक वेळ लागतो.

हे वाक्य परत वाचा, कारण तुम्हाला जे सांगायचं आहे ते सगळं यावर उभं आहे. पायाला त्रास उभं राहण्याचा कमी आणि न हलता उभं राहण्याचा जास्त होतो.

पिळल्यावर रक्त वरच का जातं, खाली का नाही? शिरांमध्ये थोड्या-थोड्या अंतरावर झडपा असतात, म्हणून. दोन नाजूक पापुद्रे, वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. इटलीत पादुआच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या फाब्रिशियस यांनी १६०३ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन छापलं. त्यांना वाटलं, रक्त हृदयाकडून हातापायांकडे धावत सुटू नये म्हणून या झडपा त्याला अडवून हळू करतात. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरानं पाहिलं की झडपा सगळ्या हृदयाच्याच दिशेनं उघडतात. त्या काळी समजूत अशी होती की रक्त यकृतात सतत नवं तयार होतं आणि अवयव ते संपवून टाकतात. हार्वीनं साधा गुणाकार केला. एका ठोक्याला अगदी थोडंच रक्त बाहेर पडतं असं धरलं तरी अर्ध्या तासात हृदयातून जाणारं रक्त अंगातल्या एकूण रक्ताहून जास्त भरतं. एवढं रोज कोण बनवणार? तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. १६२८ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं. धमन्यांतून शिरांत रक्त नेमकं कुठून जातं हे मात्र त्याला दिसलं नाही. त्या केशिका इटलीच्या माल्पिगी या डॉक्टरांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तोवर हार्वी हयात नव्हता. हार्वीच्या म्हातारपणी शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी त्याला विचारलं होतं, हे सुचलं कशावरून? त्यानं झडपांचं नाव घेतलं.

हार्वीचा प्रयोग मुलीला घरी करता येईल. हात थोडा वेळ खाली लोंबू द्यायचा, म्हणजे हाताच्या पुढच्या भागावर शिरा उठून दिसतात. त्यात मधूनमधून बारीक गाठीसारखा उंचवटा दिसतो, ती झडप. एक बोट त्या गाठीच्या खाली, मनगटाच्या बाजूला, शिरेवर दाबून ठेवायचं. दुसऱ्या बोटानं शिरेतलं रक्त कोपराकडे सारत गाठीच्या पुढे न्यायचं आणि ते बोट उचलायचं. गाठीपासून खालच्या बोटापर्यंत शीर रिकामीच राहते, वरचं रक्त खाली उतरत नाही. खालचं बोट उचललं की क्षणात भरते. हा प्रयोग तुमच्या पायावरच्या फुगलेल्या शिरेवर मात्र करू नका.

तुमच्या पायात बिघडलंय ते इथे. तुमच्या घरी किंवा माहेरी विहिरीवर मोटर असेल तर फूट व्हॉल्व्ह माहीत असेल, पाइपाच्या तळाशी बसवलेली, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप. तो गळायला लागला की मोटर बंद होताच पाइपातलं पाणी खाली उतरतं. पोटरीच्या कातडीखालच्या लांब शिरेतल्या झडपांचं असंच झालंय. पोटरी पिळून रक्त वर देते, आणि ती सैल पडली की त्यातलं काही मागे घसरतं. एक झडप गळली की तिच्या खालच्या भागावर जास्त भार येतो, शीर रुंद होते, रुंद शिरेत पुढच्या झडपेचे पापुद्रे एकमेकांना टेकत नाहीत, मग तीही गळते. वर्षानुवर्षं हे चाललं की शीर वेडीवाकडी होते आणि गाठी दिसतात. डॉक्टर याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

बाळंतपणानंतर सुरुवात झाली हे तुम्ही लिहिलंत, ते अगदी जुळतं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. त्या काळातल्या संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैलावतात, आणि वाढलेली पिशवी ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर दाब देते. डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर तिथे उजव्या पायाकडे जाणाऱ्या धमनीच्या खालून जाते, त्यामुळे डावीकडच्या वाटेला आधीच थोडी अडचण असते. आईला किंवा मावशीला अशा शिरा होत्या का ते आठवून पाहा, हे घराण्यात उतरतं. त्यावर इतकी वर्षं रोज अकरा तास उभं राहणं. यात तुमची काहीही चूक नाही, ताई. तुम्ही काही खाल्लं-प्यायलं म्हणून हे झालेलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात अडकली. शिरा डाव्या पोटरीवर आहेत आणि सूज दोन्ही घोट्यांवर. उजवीकडच्या आतल्या शिराही बिघडलेल्या असू शकतात. पण तुमच्या बीपीच्या गोळीच्या पाकिटावर 'अॅम्लोडिपिन' असं नाव आहे का ते आजच बघा. ही चांगली आणि पुष्कळ लोकांना दिली जाणारी गोळी आहे. ती बारीक धमन्या सैल करते, म्हणून बीपी उतरतं. पण मघाशी सांगितलं ना, केशिकांच्या आधी दाब खर्च करायचं काम त्याच बारीक धमन्यांचं. त्या सैलावल्या की केशिकांपर्यंत जास्त दाब पोहोचतो, पाणी झिरपतं आणि घोटे सुजतात. दिवसभर उभं राहणाऱ्याला हा त्रास अधिक जाणवतो. सूज गोळी सुरू झाल्यावर वाढली का, ते आठवा. मनानं गोळी बंद करू नका, त्यानं बीपी उसळेल. डॉक्टरांना एवढंच सांगा की पाय सुजतात, दुसरी गोळी देता येईल का. बहुतेक वेळा देता येते. अशा सुजेवर लघवी वाढवणारी गोळी दिली तर फारसा उपयोग होत नाही, कारण अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, ते फक्त चुकीच्या जागी गेलेलं असतं. त्याच भेटीत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. दोन्ही पाय सुजतात तेव्हा मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्याकडे बघितल्याशिवाय मी कोणाला मोकळं करत नाही.

आता दुकानात काय करायचं ते. गिऱ्हाईक समोर असतानाही करता येईल असं पहिलं काम म्हणजे टाचा उचलणं. काउंटरला हात टेकवून चवड्यांवर वर व्हायचं, हळू खाली यायचं, दहा-पंधरा वेळा. साडी नेसलेली असते, कोणाच्या लक्षातही येत नाही. दर अर्ध्या तासाला हे झालं तर पोटरीनं अनेकदा रक्त वर दिलेलं असेल. वरच्या फळीवरच्या साड्या आणायला, घडी घालून ठेवायला स्वतः जा, ते काम दुसऱ्याला देऊ नका. पायाखाली एक बुटका पाट ठेवून एकदा हा, एकदा तो पाय त्यावर टेका. जेवणाच्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटं मागच्या खोलीत आडवं व्हायला मिळालं आणि पाय भिंतीला लावून छातीपेक्षा वर ठेवले, तर संध्याकाळची सूज त्याच दिवशी कमी दिसेल. घरी पलंगाच्या पायथ्याकडच्या खुरांखाली दोन-दोन विटा द्या. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून, पोटरी ताणा. गोळे कमी होतात.

मोजे घ्याच. साधे घट्ट मोजे नव्हेत, घोट्याशी सगळ्यात जास्त आणि वर जाताना कमी होत जाणारा दाब देणारे वैद्यकीय मोजे, गुडघ्याच्या खालपर्यंतचे. बाहेरून दाब मिळाला की शीर फुगत नाही, पापुद्रे पुन्हा जवळ येतात आणि पाणी झिरपायला जागा उरत नाही. जिराफाच्या पायाची कातडी निसर्गतःच अशी घट्ट असते, म्हणून एवढ्या उंच प्राण्याचे पाय सुजत नाहीत. मोजे सकाळी उठल्या-उठल्या, सूज चढायच्या आत घालायचे आणि रात्री काढायचे. साधारण सहा महिन्यांत त्यांचा ताण जातो, मग नवे घ्यावे लागतात. बार्शीच्या उन्हाळ्यात जास्त दाबाचे, दुसऱ्या श्रेणीचे मोजे सहन होत नसतील तर कमी दाबाचे, पहिल्या श्रेणीचे घाला, न घालण्यापेक्षा ते बरे. पण विकत घेण्याआधी डॉक्टरांना पावलावरची नाडी बघायला सांगा. मधुमेह किंवा तंबाखूमुळे पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाला घट्ट मोजे इजा करू शकतात. तुम्हाला मधुमेह आहे की नाही हे पत्रात नाही, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

तेलाचं म्हणाल तर हलक्या हातानं, घोट्याकडून गुडघ्याकडे लावायला हरकत नाही. गाठींवर जोर देऊन चोळू नका. आणि एक पाय अचानक सुजला, दुखायला लागला, गरम लागला, पोटरी कडक झाली, तर तेल-मालिश-शेक काहीही न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा. खोल शिरेत गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा, वाट बघू नका. आणखी एक प्रसंग लक्षात ठेवा. अशी फुगलेली शीर कधी पैंजणानं किंवा खाजवताना फुटते आणि रक्त थांबत नाही. तेव्हा माणूस घाबरून दवाखान्याकडे पळत सुटतो, तसं करू नका. लगेच झोपा, पाय उंच करा, स्वच्छ कापडानं त्या जागेवर घट्ट दाबून धरा. वर दोरी-रुमाल आवळून बांधू नका. पाय वर गेला की शिरेतला दाब उतरतो आणि रक्त थांबतं. मग दवाखाना.

आतल्या घोट्याच्या वरची कातडी काळपट पडली, खाज सुटली, ताठर झाली, तर तो पुढचा इशारा समजा. झिरपलेल्या तांबड्या पेशींतलं लोह तिथे साठून तो रंग येतो, आणि त्याच जागी पुढे जखम होते. तिथपर्यंत थांबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बायका घरातल्या सगळ्यांचं करून मग स्वतःच्या पायाकडे बघतात, आणि तोवर जखम झालेली असते.

म्हणून कलर डॉप्लर करून घ्या. ती सोनोग्राफीचीच एक तऱ्हा आहे, दुखत नाही. शिरांसाठीची ही तपासणी उभं करून व्हायला हवी. नुसतं झोपवून केली तर गळती हुकू शकते, आणि 'सगळं ठीक' असा रिपोर्ट हातात येतो. तपासणीच्या वेळी हे नम्रपणे बोलून दाखवा. गळती बरीच असेल तर लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं ती शीर आतून बंद करतात, छोट्या शिरांत औषधाचा फेस सोडतात, काही ठिकाणी शस्त्रक्रिया करून शीर काढतात. खर्च परवडणारा नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा.

शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, असं प्रत्येक जण विचारतो, आणि विचारलंच पाहिजे. उत्तर वर आलंय. बहुतेक रक्त खोल शिरांतून जातं. ही गळकी शीर रक्त वर नेत नव्हती, उलट खाली आणत होती. ती बंद झाल्यावर खोल शिरांवरचा भारच कमी होतो. झडपा धड असलेली हीच लांब शीर बायपासच्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्याच पायातून काढून हृदयावर बसवतात. अर्जेंटिनाचे शल्यचिकित्सक रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला ही पद्धत रुळवली. बसवताना ती उलटी करून बसवतात, नाहीतर तिच्या झडपा तिथेही रक्त अडवतील.

शेवटी तुमच्या दुकानाबद्दल, कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं. गिऱ्हाईक नसतानाही बसायचं नाही, यात दुकानाचा काय फायदा आहे, मला समजत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय असावी, मध्ये उसंत मिळेल तेव्हा त्यांना टेकता यावं, असं लिहिलं गेलं. दुकानातल्या बायकांना त्याचा उपयोग नव्हता. केरळात कोळिकोडच्या कापड दुकानांत काम करणाऱ्या बायका त्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या, आणि २०१८ मध्ये तिथे दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क आला. तामिळनाडूनं २०२१ मध्ये तसाच बदल केला. तुमच्यासारख्याच साड्या उलगडणाऱ्या बायका होत्या त्या. तुम्ही एकट्यानं शेठजींशी बोलायला बिचकत असाल तर डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या की शिरांच्या आजारामुळे दर तासाला पाच मिनिटं बसणं आणि चालणं गरजेचं आहे. दोघी-तिघी मिळून बोलाल तर अधिक बरं, कारण त्यांचेही पाय सुजत असणार. काउंटरमागे एक उंच स्टूल मावतं. ते मिळालं तरी पाय लोंबते सोडून बसू नका, पावलं वर-खाली हलवत राहा, कारण नुसतं बसूनही पोटरी स्वस्थच असते.

डॉप्लरचा रिपोर्ट हातात आला की त्यात 'रिफ्लक्स' या शब्दापुढे सेकंदांचा आकडा असेल. कातडीखालच्या शिरेत रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ मागे घसरत असेल तर झडप गळते आहे असं धरतात. खोल शिरा मोकळ्या आहेत का, त्यात गुठळी आहे का, हेही त्यात लिहिलेलं असतं. तो रिपोर्ट आणि बीपीच्या गोळीचं नाव मला कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.